नववीतला मुलगा वारंवार दांडी मारतोय, काय करावं?

प्रश्न: गुणही घसरलेत. शाळा कायमची सुटण्याआधी सुरुवात कुठून करू?

उत्तर १: हजेरीपटात वार बघा. ठरावीक वारीच दांडी असेल तर त्या दिवशीचा एखादा तास किंवा छळणारं टोळकं; विखुरलेली असेल तर घरकाम, कमाई, आजारपण. १० टक्के दिवस बुडेपर्यंत थांबू नका.

उत्तर २: "का आला नाहीस?" विचारलं की पोर गप्प. "उद्या यायला काय आड येतंय?" असं विचारा. शिवाय एक उतारा मोठ्याने वाचून घ्या, एकट्यात! अडखळला तर कच्चेपणा चौथी-पाचवीपासूनचा असू शकतो. तसं असेल तर नववीची शिकवणी लावून पैसे वाया जातील.

उत्तर ३: त्याच वर्गात पुन्हा बसवू नका. सोबती पुढे जातात, वय वाढतं, मग गळतीच. कमावत असेल तर उपदेश फुकट. मुक्त विद्यालयाचा (रोज शाळेत न जाता अभ्यास करून परीक्षा देण्याचा) पर्याय बघा.