विषय: नाताळच्या सुट्टीत येऊरला पळायचंय, मोकळ्या कुत्र्यांचं काय?

प्रेषक: सभासद, शेफील्ड

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात आम्ही ठाण्याला येतोय, आईकडे, वसंत विहारला. लेक सोबत आहे. ती शाळेच्या क्रॉस-कंट्री संघात पळते आणि सुट्टीतही खंड नको म्हणते. डांबरी रस्त्यावर रिक्षांमधून पळण्यापेक्षा येऊरच्या जंगलात (संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू) जावं, एखाद्या दिवशी खारघरच्या डोंगरावर जावं असा विचार आहे. प्रश्न कुत्र्यांचा आहे.

इकडे इंग्लंडमध्ये, शेफील्डजवळच्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत आमचा रविवारचा चालण्याचा गट आहे. तिथेही हा विषय सारखा निघतो. मोकळा सोडलेला कुत्रा पळणाऱ्याच्या पायात येतो आणि मालक लांबूनच ओरडतो, "काही करत नाही तो!" पण निदान तिथे काय करायचं ते मला माहीत आहे. १९९१ च्या डेंजरस डॉग्ज अ‍ॅक्टप्रमाणे कुत्रा चावलाच पाहिजे असं नाही. तो आटोक्याबाहेर गेला आणि इजा करेल अशी रास्त भीती वाटली, तरी मालकावर गुन्हा होऊ शकतो. डोंगरावरच्या खुल्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोन मीटरच्या आतल्या पट्ट्यावर ठेवावा लागतो, कारण तेव्हा पक्षी जमिनीवर घरटी करतात. मालकाशी बोलता येतं, नाही ऐकलं तर पोलिसांना कळवता येतं.

ठाण्यात बोलायचं कोणाशी? जे भारतात परत गेलेत किंवा दरवर्षी जातात, त्यांनी कृपया सांगावं.

*

प्रेषक: जुने सभासद, हल्ली ठाणे

अगं, लेकीला जरूर घेऊन ये. येऊर चुकवू नकोस. पण तिकडचा हिशोब इकडे लागायचा नाही. इथे वाटेवर भेटणारी बहुतेक कुत्री त्या जागेची असतात, कुणी टपरीखालचं, कुणी बसथांब्याचं, कुणी पाड्यातलं. त्यांची हद्द ठरलेली असते आणि आपण तिच्यातून जातो. रोजचा माणूस त्यांना चालीवरून ओळखू येतो. नवा माणूस, त्यात धावणारा, त्यात झुंजूमुंजू, म्हणजे भुंकणं आलंच.

म्हणून कुत्रं दिसलं की पळणं थांबवायचं आणि चालायचं. घड्याळात वेळ बिघडते म्हणून तरुण मुलं थांबत नाहीत. बिघडू दे. अंगावर येणारी बरीचशी कुत्री पळणाऱ्या पायांच्या मागे लागतात, पाय थांबले की अर्ध्याहून जास्त प्रकरण तिथेच मिटतं. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, पाठही फिरवायची नाही. थोडं तिरकं उभं राहून हळूहळू त्यांच्या हद्दीतून बाहेर पडायचं. अगदीच जवळ आलं तर खाली वाकायचं, दगड उचलल्यासारखं. आपल्याकडच्या कुत्र्यांना तेवढं पुरतं. खरोखर दगड मारू नये. मारलेलं कुत्रं पुढच्या पळणाऱ्यावर राग काढतं, आणि तो पुढचा एखादा लहान मुलगाही असू शकतो. कानात गाणी लावून तर अजिबात जायचं नाही, मागून कोण येतंय ते कळायला हवं.

तुम्ही येताय तो काळ पिल्लांचा. पावसाळ्यानंतर ठिकठिकाणी कुत्र्या व्यालेल्या असतात. एरवी शेपूट हलवणारी कुत्री पिल्लांजवळून कुणाला जाऊ देत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. गटाराच्या कडेला, बांधकामाच्या पत्र्यांमागे, वाळूच्या ढिगावर पिल्लं दिसली की रस्त्याची बाजू बदला.

आता येऊर. उपवन तलावावरून वर गेलं की वनखात्याचं नाकं लागतं. पूर्ण उजाडल्याशिवाय त्याच्यापुढे जाऊ नका. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसात धरून चाला. हे मी बिबट्यासाठी सांगतोय, आणि बिबट्याचा कुत्र्यांशी थेट संबंध आहे. संजय गांधी उद्यानातले बिबटे कुत्री मोठ्या प्रमाणावर खातात. जिथे उकिरडा आणि शिळं अन्न, तिथे कुत्री, आणि जिथे कुत्री, तिथे रात्री बिबट्या. गाडीतून येऊन जंगलाच्या तोंडाशी बिस्किटांचे पुडे आणि उरलेली बिर्याणी टाकून जाणारे लोक भूतदया म्हणून करत असतील, पण त्या कुत्र्यांना ते बिबट्याच्या वाटेवर आणून बसवतात आणि पाड्यातल्या पोरांनाही धोक्यात घालतात.

पाटोणापाडा, जांभूळपाडा या बाजूंची कुत्री मोकाट नव्हेत. ती घराची राखण करतात. रात्री जनावर आलं तर पहिली खबर तीच देतात. त्यांच्या भुंकण्याचा राग धरू नये. घरासमोरून जाताना आवाज द्यायचा, "मावशी, कुत्रं धरा हो जरा." लगेच कुणीतरी बाहेर येऊन हाकलतं. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

मला खरा राग येतो तो शहरातून येणाऱ्या मालकांचा. रविवारी गाडीतून लॅब्रॅडॉर, हस्की घेऊन येतात आणि वर आल्यावर पट्टा सोडतात, का तर "त्याला जरा मोकळं धावू दे". राष्ट्रीय उद्यानात पाळीव प्राणी न्यायला मनाई आहे. तो कुत्रा चितळामागे धावतो, पाड्यातल्या कुत्र्यांशी भांडतो, आणि चिडलेल्या त्या टोळीच्या तावडीत पुढचा चालणारा सापडतो. शिवाय रोगांची देवाणघेवाण होते ती वेगळीच. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले, त्यामागे कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू होता, जो कुत्र्यांतही सर्रास आढळतो. तू विचारलंस बोलायचं कोणाशी, तर यांच्याशी बोल, आणि नाक्यावरच्या वनरक्षकाला सांग. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे मालक असेल तिथे कायदा इकडेही आहे, बजावणारं कुणीतरी हवं.

*

प्रेषक: सभासद, लेस्टर (माहेर कळवा)

ताई, काकांनी चावू नये म्हणून काय करायचं ते सांगितलं. मी नर्स आहे, तेव्हा चावल्यावरचं मी सांगते, आणि हे सगळ्यांनी वाचावं.

ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज नाही. त्यामुळे इथे वाढलेल्या मुलांना कुत्र्याचा ओरखडा म्हणजे काहीच वाटत नाही. आजी ओरडेल, पळणं बंद होईल म्हणून ती सांगतही नाहीत. लेकीला निघण्याआधीच बजावून ठेवा की ओरखडा असो, दात लागलेला असो, लपवायचा नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर उपचार झाले तर तो होत नाही. बाकी फार थोड्या आजारांत मधलं अंतर इतकं स्पष्ट असतं.

चावल्याबरोबर साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंसुद्धा पंधरा वाटतात. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू द्यायचं नाही, कितीही मायेने कुणी आणलं तरी. मग थेट दवाखान्यात. रक्त न येता ओरखडा असेल तर लस. रक्त आलं असेल तर लस आणि त्याबरोबर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन किंवा मोनोक्लोनल अँटीबॉडीचं (म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिद्रव्यांचं) इंजेक्शन. हे दुसरं अनेकदा राहून जातं, म्हणून आपण होऊन विचारा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात ते खरं, पण तोवर लस थांबवायची नाही. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. त्वचेत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). म्हणजे सुट्टी संपली तरी डोस उरतात. कागद जपून आणा आणि इकडे आल्याबरोबर सर्जरीला, म्हणजे आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, दाखवा.

त्यापेक्षा आधीच लस घेऊन जाणं उत्तम. ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये पैसे भरून मिळते, साधारण महिनाभर आधी सुरू करावी लागते. आधी पूर्ण लस घेतलेल्याला चावा झाला तर दोनच डोस पुरतात, ० आणि ३ दिवशी, आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. पण ते दोन घ्यावेच लागतात, "मी लस घेतलीय" म्हणून घरी बसायचं नाही.

*

प्रेषक: सभासद, हल्ली सीवूड्स

काकांचं बरंच पटलं, एका गोष्टीत थोडी भर घालते. मी स्वतः आमच्या इथल्या कुत्र्यांना खायला घालते आणि नसबंदीसाठी पकडून द्यायलाही मदत करते. खायला घालणं सरसकट वाईट नाही, ते कुठे आणि कधी घालता यावर सगळं आहे. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठीच्या २०२३ च्या अ‍ॅनिमल बर्थ कंट्रोल नियमांत सोसायटीने जागा ठरवून द्यायची आहे, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून, वर्दळीच्या दारांपासून दूर. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ठरलेल्या जागीच खायला घाला, रस्त्यात कुठेही नको, असं सांगितलं. नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्याच भागात परत सोडायची, पिसाळलेली किंवा आक्रमक असतील ती सोडायची नाहीत, हेही त्यातच आहे. रोज एका जागी, एका वेळी खाणारं कुत्रं पकडायला सोपं जातं. उपाशी भटकणारं हाती लागत नाही.

नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. ती दिसली की एक भीती कमी, कारण पिल्लांवरून होणारं भांडण तिथे नसतं. पण खाच म्हणजे यंदाची रेबीजची लस झालीच असं नाही. चावा तो चावा.

खारघरबद्दल सांगायचं तर डोंगराच्या रस्त्यावर फणसवाडी, चाफेवाडीच्या बाजूला पाड्यांची कुत्री आहेत, काकांचा नियम तिथेही लागू. पायथ्याशी खाण्याच्या गाड्या असतात तिथून मात्र पळत जाऊच नका. नवी मुंबईतल्या पाम बीच रस्त्यावर पळणार असाल तर रस्ता सोडून एनआरआय वसाहतीमागच्या पाणथळीकडे लेकीला एकटीला पाठवू नका. तिथे टोळ्या असतात, माणसं कमी असतात, आणि पक्ष्यांमागे लागलेली कुत्री एकदम अंगावर येतात.

*

प्रेषक: सभासद, शेफील्ड

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीची आणि माझी लस ठरवली, पहिला डोस पुढच्या आठवड्यात आहे. तिला सगळी पत्रं वाचायला दिली. थांबून चालायचं हे तिला पटायला वेळ लागला, इम्युनोग्लोब्युलिन जखमेत कसं देतात ते वाचल्यावर पटलं.

आईशी बोलले. त्यांच्या सोसायटीत खायला घालतात ते नेमकं फाटकाशी, जिथे सकाळी मुलं शाळेच्या बसला उभी असतात. तिने सेक्रेटरींना सांगितलंय, पुढच्या सभेत जागा बदलण्याचा विषय घेतायत. सीवूड्सच्या ताई, नियमांतला तो भाग मराठीत असेल तर पाठवाल का? आईला सभेत वाचून दाखवायचा आहे.

काका, पहिल्या दिवशी साडेसातला उपवनला येऊ का? तुम्ही चाला, आम्ही तुमच्या मागे.