मदत हवी आहे: डिस्मॉर्फिक (जन्मतः वेगळ्या आकाराचा) सेक्रम (कण्याच्या तळाचं त्रिकोणी हाड), स्क्रू एस१ मध्ये की एस२ मध्ये (त्याचे वरचे दोन मणके)?

तिशीतला पेशंट, बाइक अपघात, उजवा एसआय जॉइंट (सेक्रम आणि कमरेच्या हाडातला सांधा) उघडलाय, ट्रॅक्शनवर आहे, पायात ताकद आणि संवेदना ठीक. सीटीत सेक्रम डिस्मॉर्फिक निघाला, एस१-एस२ मध्ये डिस्क शिल्लक, अला (सेक्रमचा बाजूचा पंखासारखा भाग) चांगलाच उतरता, म्हणजे एस१ मध्ये आडवा स्क्रू टाकला तर पुढून बाहेर येऊन एल५ ची (कमरेच्या पाचव्या मणक्याची) नस जायची, खरी भीती तीच आहे. १ मिमीचे कट्स रिफॉर्मॅट करून मोजलं, एस१ चा तिरका कॉरिडॉर (स्क्रूसाठी हाडातली सुरक्षित वाट) जेमतेम ९ मिमी, एस२ चा १२. इनलेट-आउटलेटचे (ओटीपोटाच्या हाडांचे वरून आणि खालून तिरके घेतलेले एक्स-रे व्ह्यू) अँगल सॅजिटल सीटीवरून काढून ठेवलेत. नॅव्हिगेशन (कॉम्प्युटरवर स्क्रूची दिशा दाखवणारी सोय) नाही, फक्त सी-आर्म (ऑपरेशनमधलं फिरतं एक्स-रे मशीन), स्क्रू ७ मिमीचे कॅन्युलेटेड (पोकळ, आधी घातलेल्या वायरवरून सरकवायचे). एस१ चा तिरका एकच पुरेल की जोडीला एस२ मधून ट्रान्ससेक्रल (सेक्रममधून आरपार दुसऱ्या बाजूपर्यंत) टाकू? आणि एस२ ला वायर फोरॅमेनमध्ये (नस बाहेर पडायच्या भोकात) गेली नाही हे सी-आर्मच्या कुठल्या व्ह्यूवर पक्कं करता?