श्रेणी ‘वेळ उरला तर’ शिकवायच्या?

शेषपद: काल इथे कुणी लिहिलं, ‘कॅल्क्युलसच्या दुसऱ्या सत्रात अनंत श्रेणी वेळ उरला तर घ्या, नाहीतर गाळा.’ वाचल्यापासून डोकं फिरलंय. अर्ध्याहून जास्त सत्र इंटिग्रेशनच्या क्लृप्त्यांत घालवल्यावर वेळ उरेल कुठून? आणि ‘ई चा घात वजा एक्स-वर्ग’ यातल्या एकाही क्लृप्तीला दाद देत नाही. त्याची टेलर श्रेणी, म्हणजे एक्सच्या घातांची न संपणारी बेरीज, मांडून ० ते १ एकेक पद इंटिग्रेट करा: १ − १/३ + १/१० − १/४२ + १/२१६, म्हणजे सुमारे ०.७४७५. पुढचं पद १/१३२०, चूक त्याहून कमीच. किती पदांवर थांबायचं हे मूल स्वतः ठरवू शकतं. हे गाळायचं?

चक्रवाढ: ते मीच लिहिलं होतं. गेल्या सत्रात एका मुलीने १/एन-वर्गाच्या श्रेणीला रेशो टेस्ट (लगतच्या पदांचं गुणोत्तर बघायची कसोटी) लावली, लिमिट १ आलं, म्हणजे टेस्ट काहीच सांगत नाही, तरी खाली ‘अपसारी’ (बेरीज ठरावीक संख्येवर स्थिरावत नाही) लिहून दोन रेघा मारल्या. प्रत्यक्षात ती स्थिरावते. हुशार मुलगी, बरं का. तीन आठवड्यांत सगळ्या टेस्ट कोंबल्या की हेच होतं. अर्धवट शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं.

शेषपद: मग दोष कोंबण्याचा आहे, श्रेणींचा नाही. सेकंट क्यूबचं इंटिग्रल आणि आंशिक अपूर्णांक (मोठा अपूर्णांक सोप्या तुकड्यांत फोडणं) अभ्यासक्रमातून काढा, हवा तेवढा वेळ मिळेल.

लूपबॅक: आंशिक अपूर्णांकांना हात लावू नका! इन्व्हर्स लाप्लास, म्हणजे लाप्लास रूपांतरावरून मूळ फंक्शन शोधणं, काय हवेत करायचा? आमच्याकडे मुलं कंट्रोल सिस्टिम्सला येतात तेव्हा छेदाचे अवयव पाडून तुकड्यांचे अंश, ए आणि बी, काढता येत नाहीत. पहिले दोन तास माझे त्यातच जातात. दर वर्षी.

शेषपद: ती बीजगणिताची रीत आहे. लागेल तिथे शिकवा, तासाभराचं काम.

लूपबॅक: तासाभराचं? छेदात वर्गपद पुन्हा आलं की चार अज्ञातं होतात. शिकवून बघा एकदा.

शेषपद: बारा वर्षं शिकवतेय. वर्गपद पुन्हा येणारं गणित परीक्षेबाहेर कुणाला भेटलं ते सांगा.

लूपबॅक: रेझोनन्सला! दोलकाला त्याच्याच वारंवारितेचा धक्का द्या, छेदात तेच वर्गपद दोनदा येतं. माहीत नसेल तर ठामपणे बोलू नये.

शेषपद: ...बरोबर आहे. ते राहू द्या. सेकंट क्यूब मात्र जाऊ द्या.

चक्रवाढ: आमच्या वेळी सेकंट क्यूब खंडशः (दोन फंक्शनच्या गुणाकाराची रीत वापरून) इंटिग्रेट करताना तेच इंटिग्रल उजवीकडे परत आलं, ते डावीकडे नेऊन दोनने भागलं, तेव्हा मला पहिल्यांदा गणित आवडलं. ते मी काढणार नाही.

लूपबॅक: परत येणारं इंटिग्रल ‘ई घात एक्स गुणिले साइन एक्स’मध्येही दिसतं. अर्ध्या वेळात.

चक्रवाढ: ते खरंय, नाइलाजाने कबूल. ठीक. पुढच्या सत्रात श्रेणी सहाव्या आठवड्यापासून घेतो. टेस्ट तीनच: तुलना, रेशो, एकाआड एक चिन्हांची. मुलगी नापास झाली तर इथेच येऊन लिहीन.