मदत हवी आहे: जातीमुळे खोली नाकारली, लातूरमध्ये तक्रार नेमकी कुठं द्यायची?

रेणाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी मूळची उदगीर तालुक्यातली. लातूरला एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून लागले आहे. धाकटा भाऊ इथंच नीटच्या क्लासला आहे, म्हणून दोघांना मिळून दोन खोल्या बघत होते.

पंधरा दिवस वणवण केल्यावर क्लासपासून चालत जाता येईल अशा खोल्या मिळाल्या. भाडं 6,500, पाण्यासकट. मालकांनी आधार कार्ड बघितलं, नोकरीचं विचारलं आणि 5,000 रुपये फोनपे करून घेतले. आमच्या आडनावावरून काही कळत नाही.

रविवारी छोटा हत्ती करून सामान आणलं. कॉट, शेगडी, पाण्याचा बॅरल (लातुरात बॅरलशिवाय संसार मांडता येत नाही) उतरवून झालं होतं. बाबासाहेबांची तसबीर आईनं काच फुटू नये म्हणून सोलापुरी चादरीत गुंडाळून उदगीरपासून मांडीवर आणली होती. ती उतरताना चादर सरकली. मालकीणबाई गेटात उभ्या होत्या. त्यांनी तसबीर बघितली, आईकडं बघितलं आणि आत गेल्या. दोन मिनिटांत मालक बाहेर.

"कोण्यातले तुम्ही?"

आई म्हणाली, "बौद्ध."

"आगुदर सांगायचं ना मग. तुमच्या लोकांला आम्ही खोली देत नसतो. आमच्या घरात देवाचं असतंय. सामान वर चढवू नका."

हे सगळं रस्त्यावर, मोठ्या आवाजात. समोरच्या किराणा दुकानापाशी तिघं-चौघं उभे होते, टेम्पोवाले दादा होते. आई एक शब्द बोलली नाही. तिनं चादर परत गुंडाळली, गाठ मारली आणि टेम्पोत जाऊन बसली.

संध्याकाळी मालकांचा मेसेज आला की खोली पाहुण्यांना दिली. 5,000 परत पाठवले आणि खाली लिहिलं, "व्यवहार मिटला." सोमवारी बघते तर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच. माझ्यासोबत काम करणाऱ्या, दुसऱ्या समाजाच्या मैत्रिणीनं फोन केला तर तिला लगेच "या बघायला" म्हणाले, भाडं तेच. तो कॉल रेकॉर्ड आहे, पाटीचा फोटोही आहे.

मला विचारायचं आहे ते असं. पोलिसांत जायचं की समाज कल्याणला? माझ्या टीसीवर 'बौद्ध' आहे, मग ॲट्रॉसिटी कायदा लागतो का? आणि पैसे परत आले म्हणजे तक्रार संपली का? भाऊ म्हणतोय सोडून दे, अभ्यासाचं वर्ष आहे. मला सोडवत नाही.

औसा_रोड

ताई, वाचून वाईट वाटलं. पण भावाचं वर्ष महत्त्वाचं. पोलीस, कोर्ट यात फार फिरावं लागतं. दुसरी खोली मिळेल, आम्हीही बघतो.

नांदेडचा_वकील

ताई, ज्या ठाण्याच्या हद्दीत हे घडलं त्या ठाण्यात आधी जा. समाज कल्याण सहायक आयुक्तांना प्रत द्या, पण गुन्हा नोंदवायचं काम पोलिसांचं आहे.

टीसीची काळजी करू नका. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात 1990 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचं संरक्षण आहे. तुमच्याकडं उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचं जातीचं प्रमाणपत्र असेलच, त्याची झेरॉक्स जोडा.

आता कलमं. बरेच जण फक्त ॲट्रॉसिटीचं नाव घेतात आणि जो कायदा खोलीबद्दल थेट बोलतो तो विसरतात. नागरी हक्क संरक्षण कायदा, 1955, कलम 4: अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून किंवा तिथं राहण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. शिक्षा लहान आहे, पण याच कायद्याचं कलम 12 मोठं कामाचं. नाकारलेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं. शिवाय हा दखलपात्र गुन्हा आहे, पोलिसांना कोर्टाची परवानगी लागत नाही.

ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम 3(1)(r), म्हणजे चारचौघांच्या नजरेसमोर जातीवरून जाणूनबुजून अपमान. इथं जागा महत्त्वाची. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना बोललं तर हे कलम टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सांगितलंय. तुमच्याबाबतीत रस्त्यावर, बाहेरच्या माणसांसमोर झालं. म्हणून अर्जात गेट, रस्ता, दुकान, कोण किती अंतरावर होतं, सगळं लिहा. 3(1)(zc) आर्थिक बहिष्काराचं आहे. एका खोलीच्या नकाराला ते लागेल का यावर वाद होईल, पण मुद्दा मांडून ठेवा.

मालकाचे शब्द जसेच्या तसे लिहा, 'लोकांला'सकट. "जातीवाचक बोलले" एवढंच लिहिलं की अर्ज तिथंच मेला.

पैसे परत आल्यानं गुन्हा मिटत नाही. मेसेजला उत्तर द्या: "रक्कम मिळाली, तक्रार कायम आहे." रेकॉर्डिंग ज्या फोनवर झालं तो फोन फॉरमॅट करू नका, विकू नका. कोर्टात त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागतं.

ठाण्यात म्हणतील, "आधी चौकशी करू." ॲट्रॉसिटी कायद्यात 2018 पासून कलम 18अ आहे, एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. तपास उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडंच जातो. एफआयआर घेतली नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टानं. तिथंही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकारी. 14566 ही ॲट्रॉसिटीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिथंही नोंद करा. वकिलासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

परभणीवाला

दादा, माझं नाव ऐकलं की फोनवरच "खोली गेली" म्हणतात. आम्हाला कोणतं कलम?

नांदेडचा_वकील

भाऊ, खरं सांगतो. धर्मावरून खासगी मालकानं खोली नाकारली तर थेट शिक्षा करणारा कायदा आज नाही. राज्यघटनेचं कलम 15 सरकारला बांधतं. दुकानं, हॉटेलं, पाणवठे त्यात येतात, खासगी भाड्याचं घर येत नाही. 2005 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं फक्त पारशांना सभासद करण्याचा एका गृहनिर्माण संस्थेचा नियम मान्य केला होता. ही मोठी उणीव आहे आणि ती कायद्यानंच भरून निघायला हवी.

पण मालक तयार आहे आणि सोसायटी आडवी येते, असं असेल तर गोष्ट वेगळी. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्यानं द्यायला सोसायटीची एनओसी लागत नाही, कळवलं की झालं. मालकाला उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं तक्रार करायला सांगा. आणि खोली मिळालीच तर करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत.

रेणाकाठ (धागाकर्ती)

अकरा दिवसांनी लिहीत आहे.

ठाण्यात पहिल्या दिवशी म्हणाले, मालकाला बोलावून मिटवून टाकू, तुम्हालाही याच शहरात राहायचंय. मी दोन प्रती नेल्या होत्या. एक दिली, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठले नाही. तीन दिवस काही हललं नाही, मग अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला आणि 14566 वर नोंद केली. पाचव्या दिवशी बोलावणं आलं. एफआयआर झाली, दोन्ही कायद्यांची कलमं लागली.

किराणावाले काका म्हणाले, "मला यात ओढू नका, शेजार आहे." त्यांचा राग येत नाही. टेम्पोवाले दादा मात्र एक भाडं सोडून आले आणि सांगून गेले.

आईचा जबाब उपअधीक्षकांच्या ऑफिसात झाला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. त्यात 'खोली देण्यास नकार दिला' एवढंच होतं. आई म्हणाली, "साहेब, तो 'तुमच्या लोकांला' म्हणला होता. ते घाला." त्यांनी परत लिहिलं. मग आईनं सही केली.

भाऊ सध्या मित्राच्या खोलीवर आहे, मी दवाखान्याच्या हॉस्टेलला. बार्शी रोड किंवा अंबाजोगाई रोडकडं कोणाच्या माहितीत दोन खोल्या असतील तर कृपया कळवा. 7,000 पर्यंत चालेल. आम्ही बौद्ध आहोत, हे मालकांना आधीच सांगा.