वेल्का पार्दुबित्स्का : इतिहास आणि ‘ताक्सिस’चा दरारा

प्रश्न : माळरान

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरील शर्यती मी अनेक वर्षे आवडीने पाहत आलो आहे. परंतु तेथील सारी दौड सपाट हिरवळीवर होते आणि इंडियन डर्बीचे अंतरही 2400 मीटरच असते. अलीकडे चेक प्रजासत्ताकातील पार्दुबित्से येथे होणाऱ्या ‘वेल्का पार्दुबित्स्का’ या 6900 मीटरच्या, 31 अडथळ्यांच्या शर्यतीविषयी वाचले. 1937 साली ती एका स्त्रीने जिंकली, हेही त्यातच कळले. स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या घेत धावायची घोड्यांची शर्यत, म्हटले की आपल्याला इंग्लंडची ग्रँड नॅशनल आठवते. मग मध्य युरोपातील एका लहानशा शहरात ही शर्यत कशी रुजली आणि तिच्यातील ‘ताक्सिस’ नावाच्या अडथळ्याचा एवढा दरारा का, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

प्रतिसाद : रिकीब

या शर्यतीचे मूळ शिकारीत आहे. लाबे नदीच्या काठचा पार्दुबित्सेचा परिसर सपाट असून चर, ओढे आणि कुंपणे यांनी भरलेला होता, त्यामुळे कुत्र्यांच्या टोळीमागे घोडे फेकत हरणाचा पाठलाग करण्यासाठी ऑस्ट्रियन साम्राज्यातील सरदार मंडळी 1840च्या दशकापासून तेथे जमू लागली. 1845 मध्ये रेल्वे आल्यावर व्हिएन्ना आणि प्राग या दोन्हीकडून येणे सोपे झाले. शिकारीतील हे कौशल्य शर्यतीत उतरले आणि 5 नोव्हेंबर 1874 रोजी पहिली वेल्का पार्दुबित्स्का झाली. त्या दिवशी 14 घोडे धावले आणि त्यांपैकी केवळ 6 शेवटपर्यंत पोहोचले. जिंकला तो ‘फँटोम’.

या उगमाची खूण आजही मार्गावर दिसते. ग्रँड नॅशनलमध्ये सारी धाव गवतावर होते, तर येथे घोड्यांना मध्येच नांगरलेल्या शेतातून जावे लागते. हा भाग पूर्वी आजच्यापेक्षा कितीतरी मोठा होता. पाऊस झाला की ढेकळांचा चिखल होतो, टापा रुततात आणि दमलेल्या घोड्याला लगेच पुढचा अडथळा घ्यायचा असतो. त्यातच ‘आयरिश बँक’ नावाचा मातीचा उंच बांध आहे; घोड्याला त्यावर चढून पलीकडे उतरावे लागते. निव्वळ वेगवान घोडा येथे फारसा टिकत नाही. धीराचा आणि जमीन ओळखणारा घोडाच लागतो.

ताक्सिस हा चौथा अडथळा. समोर सुमारे दीड मीटर उंचीचे दाट झुडपी कुंपण आणि त्याच्या लगेच मागे रुंद खंदक, अशी त्याची रचना आहे. घोड्याला फक्त कुंपण दिसते. खंदक दिसतो तो झेप घेतल्यावर. म्हणून स्वाराला भरधाव येऊन लांब उडी घ्यावी लागते. घोडा क्षणभर जरी कचरला, तरी त्याचे मागचे पाय खंदकात जातात, आणि मागून येणाऱ्यांना कुंपणाआड पडलेला घोडा दिसतच नाही. हा अडथळा काढून टाकण्याची मागणी सुरुवातीलाच झाली होती आणि तो राहावा म्हणून राजपुत्र एगोन थुर्न-ताक्सिस यांनी आग्रह धरला, त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते.

प्रतिसाद : जुना_दप्तरखाना

रिकीब यांनी मार्गाविषयी उत्तम लिहिले आहे. मी 1937 विषयी लिहितो, कारण माझ्या मते या शर्यतीच्या इतिहासाचा गाभा तेथेच आहे.

लाता ब्रांदिसोव्हा या सरदार घराण्यातील होत्या. 1927 मध्ये त्या प्रथम या शर्यतीत उतरल्या, तेव्हा स्त्रीने भाग घ्यावा की नाही यावरच मोठा वाद झाला. त्या वर्षी वारंवार पडूनही प्रत्येक वेळी पुन्हा मांड टाकून त्या पाचव्या आल्या. पुढील दहा वर्षे त्यांनी जिद्द सोडली नाही. याच काळात, 1932 मध्ये, पूर्वी दोनदा जिंकलेले कॅप्टन रुडॉल्फ पोप्लर यांचा याच शर्यतीत पडून मृत्यू झाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या जिद्दीची किंमत कळते. तिशीच्या दशकात जर्मन लष्करी स्वारांनी येथे वर्चस्व मिळवले होते आणि हिटलरच्या राजवटीत त्या विजयांना राजकीय अर्थ आला होता.

चेकोस्लोव्हाकियाचे संस्थापक मासारिक यांचे सप्टेंबर 1937 मध्ये निधन झाले. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, 17 ऑक्टोबरला, 42 वर्षांच्या ब्रांदिसोव्हा यांनी किन्स्की घराण्याच्या पैदाशीतील ‘नॉर्मा’ या सोनेरी घोडीवरून ही शर्यत जिंकली. दुखावलेल्या त्या देशाला हा विजय किती मोलाचा वाटला असेल, हे वेगळे सांगायला नको. पुढच्याच वर्षी देशाचा सीमाभाग जर्मनीला देणारा म्युनिक करार झाला आणि शर्यत होऊ शकली नाही. 1968 मध्येही ती झाली नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे देशात शिरले होते.

स्वतः ब्रांदिसोव्हा यांच्या वाट्याला मात्र उपेक्षा आली. 1949 मध्ये त्या या मैदानावर गंभीर जखमी झाल्या. कम्युनिस्ट राजवटीने घराण्याची मालमत्ता काढून घेतली आणि बहिणींसह त्यांना एका लहान घरात दिवस काढावे लागले. 1981 मध्ये ऑस्ट्रियात त्यांचे निधन झाले. आजवर ही शर्यत जिंकणारी दुसरी स्त्री झालेली नाही.

प्रश्नकर्ता : माळरान

दोघांचेही मनापासून आभार. घोड्यांच्या सुरक्षिततेविषयी पुढे काही झाले का?

प्रतिसाद : रिकीब

झाले, पण फार उशिरा. ताक्सिसवर अनेक घोडे जिवाला मुकले, आणि 1992 मध्ये प्राणिहक्क कार्यकर्ते थेट मार्गावर उतरले. त्यानंतर 1994 मध्ये खंदक उथळ व अरुंद करण्यात आला. आज तो साधारण चार मीटर रुंद आहे. त्यामुळे शर्यतीचा कस गेला, असे काही जुने शौकीन म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. चेक स्वार योसेफ वान्या यांनी ‘झेलेझ्निक’ या घोड्यावरून चार वेळा जिंकलेल्या शर्यती जुन्या खंदकावरच्या होत्या, तर 2009 ते 2011 या काळात ‘टियुमेन’वरून सलग तीनदा ते जिंकले ते बदललेल्या मार्गावर. शेवटच्या विजयाच्या वेळी त्यांचे वय 58 होते आणि तो त्यांचा एकूण आठवा विजय होता. त्यांचे हे विजय कोणी हलके लेखलेले माझ्या ऐकण्यात नाही.

आणखी एक अट महत्त्वाची आहे. त्याच हंगामातील एखादी पात्रता शर्यत पूर्ण केल्याशिवाय घोड्याला येथे प्रवेश मिळत नाही. मात्र त्या पात्रता शर्यतींत ताक्सिस नसतो. तो वर्षातून एकदाच, ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, मुख्य शर्यतीत घेतला जातो.