फायरमन आणि कोळसा

एकाने लिहिलंय की वारसा रेल्वेवर (जुनी वाफेची इंजिनं जपून चालवतात ती) फायरमन, म्हणजे इंजिनाची आग सांभाळणारा, नुसता कोळसा ढकलतो, डोकं चालवतो तो ड्रायव्हर. साफ नामंजूर!

पहिली गाडी सुटायच्या कितीतरी तास आधी फायरमनचा दिवस सुरू होतो. इंजिनावर चढल्यावर आधी बघायचं ते पाणी. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीत पातळी दिसल्याशिवाय काडी ओढायची नाही. भट्टीच्या छतावर पाणी नसेल तर पत्रा तापून खचतो, पुढचं बोलायलाच नको. बॉयलर तापवायचा तोही सावकाश, नाहीतर सांधे ताणले जातात.

खरी कसोटी चालत्या गाडीत. चढ लागल्यावर कोळसा टाकायला घेतलात तर उशीर झालाच समजा. आग आधीच फुललेली हवी. टाकायचा तोही थोडा थोडा, शेगडीवर जिथे थर पातळ झालाय तिथे. धुराड्यातून काळा लोट निघाला की फोटोवाले खूश होतात, पण तो म्हणजे अर्धवट जळून वाया गेलेला कोळसा. बोगद्याआधी ब्लोअर (धुराड्यात वाफेचा झोत सोडून आगीचा ओढा वर ठेवणारा) उघडायचा, नाहीतर ज्वाळा दारातून थेट केबिनमध्ये!

आणि ड्रायव्हर काय आभाळातून पडतो? वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१पासून स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. अशा रेल्वेंवर साधारणपणे आधी इंजिन पुसणारा क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर असा क्रम असतो. त्यात वर्षं जातात.

संध्याकाळी राखपेटी उपसणं ही मात्र निव्वळ हमाली, तेवढं कबूल.