मदत हवी आहे: दक्षिण मेक्सिकोतले बाजार आणि गावं

कोरडवाहू:
ओआहाका आणि चियापास ही दोन राज्यं, दोन्ही मिळून आठवडा आहे. रिसॉर्ट, समुद्र नको. बाजार, विणकर-कुंभारांची गावं आणि जुने अवशेष बघायचे आहेत. कुठला बाजार कुठल्या वारी भरतो ते धड कुठेच सापडत नाही. ओआहाकाहून चियापासमधल्या सान क्रिस्तोबालला कसं जावं? आज तिकिटं काढायची आहेत, लवकर सांगा.

पाणपोई:
महिना कुठला? निघताय कुठून? सोबत कोण? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

भटकभवानी:
कानकुनला उतरा. चिचेन इत्सा एका दिवसात होतं, हॉटेलंही भरपूर.

कोरडवाहू:
समुद्र नको लिहिलंय. 20 डिसेंबरनंतर, ह्यूस्टनहून. आई-बाबा सोबत आहेत.

सह्यकडा:
आई-बाबांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही.

कोरडवाहू:
व्हिसाचं झालंय हो. बाजाराचं सांगा कुणीतरी.

पाणपोई:
घ्या. बुधवारी एत्ला, गुरुवारी साआचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. एकच जमणार असेल तर रविवार धरा. ओआहाका शहरापासून तीसेक किलोमीटर. रस्तेच्या रस्ते ताडपत्र्यांखाली जातात, आसपासच्या गावांतल्या सापोतेक (इथला मूळ समाज) बायका माल घेऊन बसतात. त्याच वाटेवर एल तूलेचा अवाढव्य वृक्ष आणि तेओतितलान देल वाये हे विणकरांचं गाव. तिथे लोकर कोचिनील किड्याच्या लालात आणि निळीत रंगवतात, विचारलंत तर घरात नेऊन दाखवतात. पुढे मित्लाचे जुने अवशेष, तिथल्या भिंतींवरची दगडी नक्षी निवांत बघा. काळी मातीची भांडी मात्र दुसऱ्या दिशेला, सान बार्तोलो कोयोतेपेकला.
आणि 23 डिसेंबरला ओआहाकाच्या मुख्य चौकात मुळ्यांची रात्र असते. मोठाल्या मुळ्यांतून कोरलेले देखावे, 1897 पासून स्पर्धा भरते. रांग फार लांब असते, आई-बाबांना दुपारीच न्या.

रानवाटा:
सान क्रिस्तोबालसाठी रात्रीची थेट बस घ्या. सकाळी पोचता, दिवस वाया जात नाही. तिथून जवळची चामुला आणि सिनाकान्तान ही गावं सोडू नका. चामुलाच्या चर्चमध्ये बाकं नाहीत, जमिनीवर पाइनची पानं आणि शेकडो मेणबत्त्या. आत फोटो अजिबात काढू नका, लोक खरंच चिडतात.

पाणपोई:
ज्येष्ठांना रात्रभर घाटात बसवू नका. शिवाय सान क्रिस्तोबाल 2,200 मीटरवर, डिसेंबरच्या रात्री कडाक्याची थंडी. आठवड्यात एकच राज्य नीट होतं.

रानवाटा:
माझे सासरे त्याच बसनं आले, छान झोपले. चियापास वगळणं मला पटत नाही.

पाणपोई:
मग पालेंकेचे माया अवशेष तरी त्यात घुसवू नका. सान क्रिस्तोबालहून ओकोसिंगोमार्गे जाणारा रस्ता गावकरी आंदोलनात अडवतात.

हिंगजिरे:
खाण्याचं कुणी विचारलं नाही! शाकाहारी आहात का?

कोरडवाहू:
आई-बाबा आहेत. अंडंसुद्धा नाही.

हिंगजिरे:
हे आधी सांगायचं. त्लायुदा म्हणजे मक्याची मोठी कुरकुरीत पोळी, तिच्यावर डुकराची चरबी लावतात, त्या चरबीला असिएन्तो म्हणतात. "सिन असिएन्तो" म्हणा. राजम्यातही चरबी असते, तिथे "सिन मान्तेका". मोले हा तिकडचा दाट मसालेदार रस्सा बहुधा कोंबडीच्या रश्शात शिजवतात. भोपळ्याच्या फुलांची, चीज घातलेली केसादिया (दुमडलेली मक्याची पोळी) मागा. तेहाते हे मका आणि कोकोचं थंड पेय दुधाशिवायच असतं. टोळ खाणार नसलात तर "चापुलिनेस" हा शब्द ओळखून ठेवा.

भटकभवानी:
चिकू मूळचा तिकडचाच. घोलवडकरांना दाखवायला फोटो आणा.

कोरडवाहू:
धन्यवाद, पाणपोई आणि हिंगजिरे. फक्त ओआहाकाच करतो, शनिवारी पोचायचं तिकीट बघतो. मोन्ते आल्बानचे डोंगरमाथ्यावरचे अवशेष आई-बाबांना झेपतील का? आईचे गुडघे दुखतात.

पाणपोई:
माथा सपाट केलेला आहे, मधलं पटांगण चालायला सोपं. पायऱ्या उंच आहेत, त्या तुम्ही चढा. सावली जवळपास नाही, म्हणून सकाळी उघडताच जा आणि आईंसाठी टोपी-पाणी घ्या.